फुकटाची वाट

देवदर्शनासाठी पैसेवाल्यांची रांग निराळी लागली, की आमच्या वाचकांस ती खुपते. मग ज्ञानाच्या दारी तशीच रांग लावणाऱ्यांस दाते कसे म्हणावे? २०१५ साली फेसबुकने रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या साहाय्याने महाराष्ट्र, तेलंगण आदी राज्यांत निवडक संकेतस्थळे फुकट देऊ केली. ‘काहीच नसण्यापेक्षा थोडे बरे’, हा त्यांच्या कैवाऱ्यांचा युक्तिवाद. पण निवड कोणाची? देणाऱ्याची! गुडीहत्नूर हे नागपूर-हैदराबाद हमरस्त्यावरील तेलुगू मुलुखातले गाव. तेथील मराठी घरास फुकट दिसेल तेवढेच जग वाटणार, आणि एखाद्या लहान मराठी वा कोंकणी नियतकालिकाच्या वाटेवर मात्र जकात बसणार.

८ फेब्रुवारी २०१६ रोजी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने मजकूर पाहून दर ठरविण्यास मनाई केली, ती रास्तच होय. अधिक वापरास अधिक दाम, हे आम्हांस मान्य आहे. कोणाचे वाचतो यावरून दाम, हे नाही. गरिबांचा कळवळा असेल, तर त्याच प्राधिकरणाने त्या वर्षाअखेर सुचविल्याप्रमाणे ग्रामीण ग्राहकास दरमहा थोडे इंटरनेट विनामूल्य द्यावे. ते थोडे असो. पण कोठे जायचे, हे ज्याचे त्याने ठरवावे.