शिकाऊ उमेदवाराला शिकवायचं कुणी?

उमेदवार म्हटलं की हल्ली डोळ्यांसमोर हात जोडलेला फोटो आणि त्याखालचं चिन्ह येतं. पण उमेद म्हणजे आशा, आणि आशेवर काम करणारा तो उमेदवार. जुनी माणसं 'तो कचेरीत उमेदवारी करायचा' असं म्हणतात, तेव्हा त्याचा अर्थ असा की पगार नाही किंवा नावापुरता आहे, काम शिकतोय, जागा निघाली की लागेल. अॅप्रेंटिसला सरकारी मराठीत 'शिकाऊ उमेदवार' म्हणतात. शब्द चांगला आहे. त्यात शिकणंही आलं आणि आशाही आली. माझी तक्रार एवढीच की आपल्याकडच्या बऱ्याच कारखान्यांत उमेद मुलाची असते, काम मालकाचं होतं आणि शिकायचं तेवढं राहून जातं.

हा विषय वाङ्मय मंडळाच्या अंकात कशाला, असं कुणी विचारेल. बेळगावात तरी हा प्रश्न पडू नये. अनगोळ, मजगाव, वडगाव, मच्छे, कुठल्याही गल्लीत चार घरं बघा, एका घरात तरी उद्यमबागेत जाणारं कुणीतरी सापडेल. फाउंड्री, मशीन शॉप, हायड्रॉलिक्स, गाड्यांचे सुटे भाग यावर या शहराचा अर्धा संसार चाललाय. शिवाय आता हे फक्त आयटीआय-डिप्लोमावाल्यांपुरतं राहिलेलं नाही. पदवीच्या अभ्यासक्रमातच अॅप्रेंटिसशिप बसवण्याच्या मार्गदर्शक सूचना यूजीसीने 2025 मध्ये काढल्या आहेत. म्हणजे बीए-बीकॉमच्या बाकावर बसलेल्यांनाही उद्या हाच करार सहीसाठी पुढे येणार. तेव्हा मेकॅनिकलवाल्यांचं काय झालं ते आधी बघून घेतलेलं बरं.

माझ्या मामेभावाचं सांगते. आयटीआयमधून मशिनिस्टचा ट्रेड केला, मग एका कारखान्यात वर्षभर अॅप्रेंटिसशिप. ते वर्षभर तो एकाच सीएनसी मशीनवर होता. रविवारी घरी आला की आजी विचारायची, ''काय शिकायलास रे?'' तो म्हणायचा, ''पीस घालायलोय, दार लावायलोय, बटण दाबायलोय, पीस काढायलोय.'' आजीला वाटायचं पोरगं मस्करी करतंय. वर्ष संपलं, परीक्षा झाली, सर्टिफिकेट आलं. पुण्याकडच्या एका कंपनीत मुलाखतीला गेला, तिथं त्याला फोर जॉ चकमध्ये जॉब बांधून डायल लावून सेंटर करायला सांगितलं. आयटीआयमध्ये केलं होतं, पण वर्षभर हात त्याला लागलाच नव्हता. जमलं नाही. आता तो परत त्याच मशीनवर, कंत्राटदारामार्फत, तेच बटण दाबतो.

यात मशीनचा दोष नाही. सीएनसीवरही शिकायला भरपूर असतं. सकाळी मशीन थंड असताना आलेलं माप आणि दोन तासांनी आलेलं माप यात फरक का पडतो? इन्सर्टची धार झिजत गेली की बाहेरचा व्यास हळूहळू वाढत का जातो, आणि मग ऑफसेट किती द्यायचा? नो-गो गेज भोकात शिरला तर मशीन थांबवायचा अधिकार कुणाला? हे कळणारा मुलगा वर्षाअखेरीस सेटर होण्याच्या वाटेवर असतो. ज्याला हे कुणी सांगत नाही तो वर्षाअखेरीस फक्त वेगाने बटण दाबतो.

आता कायदा काय म्हणतो ते बघा, कारण गंमत तिथंच आहे. 1961 चा अॅप्रेंटिस कायदा स्पष्ट सांगतो की शिकाऊ उमेदवार हा कामगार नाही, तो शिकणारा आहे. म्हणून कामगार कायदे त्याला लागू नाहीत. आरोग्य, सुरक्षा आणि सोयींची कलमं लागू आहेत, कामावर इजा झाली तर भरपाई आहे, पण त्यापलीकडे फार नाही. पगार नाही, विद्यावेतन. 2019 च्या दुरुस्तीने त्याचा किमान आकडा ठरला तो असा: आयटीआयवाल्याला महिना 7,000, डिप्लोमावाल्याला 8,000, पदवीधराला 9,000 रुपये. वर्ष संपल्यावर नोकरी दिलीच पाहिजे असंही मालकावर बंधन नाही. 1995 मध्ये सुप्रीम कोर्टाने उत्तर प्रदेशच्या एसटी महामंडळाच्या प्रकरणात सांगितलं की बाकी सगळं सारखं असेल तर तयार झालेल्या अॅप्रेंटिसला थेट भरतीवाल्यापेक्षा प्राधान्य द्यावं. तेही प्राधान्य, हक्क नव्हे.

मला हा करार अन्यायाचा वाटत नाही. कामगाराचे हक्क कमी, पैसे कमी, नोकरीची हमी नाही, आणि या सगळ्याच्या बदल्यात एक गोष्ट: शिक्षण. व्यवहार सरळ आहे. पण ती एक गोष्टच दिली नाही तर मागे काय उरतं? स्वस्तातला हेल्पर. 'तो कामगार नाही, विद्यार्थी आहे' हे पगाराच्या दिवशी आठवायचं आणि शिफ्टच्या वेळी विसरायचं, असं चालणार नाही.

शिकवणं म्हणजे वर्ग भरवणं असंही नाही. आयटीआयमध्ये फिटरच्या हातात पहिल्यांदा कानस देतात. लोखंडाचा ठोकळा वाइसमध्ये धरायचा आणि घासत राहायचं, दिवसेंदिवस. बाहेरून बघणाऱ्याला ती शिक्षा वाटते. पण कानस पुढे ढकलतानाच कापते, मागे आणताना दाब दिला तर तिचेच दात खराब होतात. पुढे जाताना दोन्ही हातांवरचा दाब बदलत न्यावा लागतो. ते साधलं नाही की कानस डुलते, आणि ठोकळा मधे फुगतो, कडांना उतरतो. ट्राय स्क्वेअर लावून उजेडाकडे धरलं की फटीतून प्रकाश दिसतो, मिस्त्री काही न बोलता ठोकळा परत देतात, आणि पुन्हा घासायचं. कॉम्प्युटरच्या जमान्यात हे कशाला, असं मुलंही विचारतात. माझ्या मते याचसाठी, की 0.05 मिलिमीटर म्हणजे नेमकं किती हे स्क्रीनवर कळत नाही. आधी हाताला कळावं लागतं, मग स्क्रीनवरच्या आकड्याला अर्थ येतो.

कधीकधी तर शिकवायला अर्धं मिनिट पुरतं. 'एम 8 चे आटे पाडायचेत, 6.8 चं ड्रिल घे' असं सांगून कुणी निघून जातं. मुलगा घेतो, काम होतं, शिकत काही नाही. त्याऐवजी सांगा की 8 मधून पिच वजा कर, पिच 1.25, राहिले 6.75, त्याला जवळचं ड्रिल 6.8. झालं. आता एम 10 ला पिच 1.5 आहे एवढं कळलं की 8.5 तो स्वतःच काढेल. टॅप अर्धा फेरा पुढे नेला की पाव फेरा मागे घ्यायचा, हे सगळे सांगतात. मागे घेतल्याने चिप तुटते आणि टॅप अडकत नाही, हे सांगणारा मिस्त्री मिळायला नशीब लागतं. आणि टॅप भोकातच मोडला की शिव्या द्यायला मात्र सगळे हजर!

मालकांची बाजू मला माहीत आहे, आमच्या ओळखीत दोघांचे छोटे गाळे आहेत. ते म्हणतात, आम्ही जॉबवर्क करणारे. आज माल गेला नाही तर उद्या ऑर्डर दुसऱ्याकडे. मिस्त्री शिकवत बसला तर त्याचं मशीन बंद. आणि एवढं शिकवून पोरगं वर्षभरात चाकणला जातं. या बोलण्यात तथ्य आहे. कायदाही ते थोडं मान्य करतो: चार ते एकोणतीस माणसांच्या कारखान्यावर अॅप्रेंटिस घेण्याची सक्ती नाही, तीस किंवा जास्त माणसं असतील तरच अडीच ते पंधरा टक्के अॅप्रेंटिस घ्यायचे आहेत. शिवाय केंद्राच्या योजनांतून विद्यावेतनाचा काही भाग सरकार उचलतं. म्हणून मला वाटतं, ज्याला शिकवणं परवडत नाही त्याने खुशाल हेल्पर नेमावा आणि हेल्परचा पगार द्यावा. त्यात कमीपणा काहीच नाही. पण अॅप्रेंटिस म्हणून घेतला, सरकारी वाटाही घेतला, तर मशीन काही तास बंद राहणार हे धरूनच चालावं.

आपल्या कॉलेजच्या परंपरेतलं एक उदाहरण इथं द्यावंसं वाटतं. गोव्यात सालेशियन फादर्सच्या संस्था आहेत, त्यांचे संस्थापक डॉन बॉस्को. इटलीत तुरिनमध्ये गावाकडून आलेली मुलं कामाला जुंपली जात, मारही खात. डॉन बॉस्कोंनी एकेका मुलासाठी मालकाशी लेखी करार करायला सुरुवात केली. 1852 चा, सुतारकाम शिकणाऱ्या एका मुलाचा करार आजही उपलब्ध आहे. त्यात मालकाने कबूल केलंय की मुलाला धंदा शिकवीन, चुकला तर शब्दांनीच समज देईन, धंद्याशी संबंध नसलेली कामं सांगणार नाही, सणाच्या दिवशी मोकळा ठेवीन. मजुरी टप्प्याटप्प्याने वाढत जाणार हेही लिहिलंय. त्यावर खुद्द डॉन बॉस्कोंचीही सही आहे. पावणेदोनशे वर्षं होत आली. 'धंद्याशी संबंध नसलेली कामं' म्हणजे आपल्याकडे काय ते कुठल्याही अॅप्रेंटिसला विचारा. चहा आणणं, गाडी धुणं, साहेबांच्या घरचा गॅस पोचवणं.

मार्कच्या शुभवर्तमानात नाझरेथचे लोक येशूला सुतार म्हणतात, मत्तयाच्या शुभवर्तमानात सुताराचा मुलगा. सुताराच्या मुलाचा सुतार होईपर्यंत जी वर्षं गेली असतील त्याबद्दल शुभवर्तमानं गप्प आहेत. पण ती वर्षं कुणीतरी शेजारी उभं राहून शिकवल्याशिवाय गेली नसणार.

मग मुलांनी करायचं काय? यंदा ज्यांचे भाऊ-बहिणी करारावर सही करणार आहेत त्यांच्यासाठी लिहिते. करार सरकारी पोर्टलवर नोंदला गेलाय का ते आधी बघा. नोंद नसेल तर सावध राहा, कारखान्याने काहीही नाव दिलेलं असो. वर्षभरात कुठल्या कुठल्या विभागात फिरवणार ते सही करण्याआधी विचारा, नंतर नाही. ओव्हरटाइमला अॅप्रेंटिसशिप सल्लागाराची परवानगी लागते, 'आज जरा थांब रे' एवढ्यावर भागत नाही. आणि रोजची कामाची वही. नियमाप्रमाणे ती ठेवायचीच असते, पण परीक्षेच्या आधी एका बैठकीत दुसऱ्याची बघून उतरवली जाते. ती रोज, दोन ओळी का होईना, स्वतःच्या भाषेत लिहा. सलग तीन महिने त्यात 'पीस घातला, काढला' एवढंच येत असेल तर सुपरवायझरसमोर उघडून ठेवायला तुमच्याकडे काहीतरी असेल. एकट्याने बोलायला भीती वाटते हे खरं, कारण सर्टिफिकेट त्यांच्या हातात असतं. म्हणून आयटीआयच्या सरांनी आणि आपल्यासारख्या कॉलेजांनी महिन्यातून एकदा त्या शॉप फ्लोअरवर जाऊन उभं राहायला हवं. यूजीसीच्या योजनेत कॉलेजं उतरलीच, तर ही त्यांची पहिली जबाबदारी मानली पाहिजे. नुसत्या सामंजस्य कराराचे फोटो नकोत.

आपलंही थोडं चुकतं. हातावर तेल दिसलं की पोरगं अभ्यासात कच्चं असणार असं आपण धरून चालतो. ज्या जिल्ह्यात हे चालतं त्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला 1869 मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्कर जन्मले. चित्रकार व्हायला मुंबईला गेले, रंग नीट ओळखता येत नाहीत म्हणून ते सुटलं, मग यांत्रिक ड्रॉइंग शिकले आणि शिकवलं. बढती डावलली गेली तशी नोकरी सोडून बेळगावला आले. सायकलींचं दुकान, कडबा कापायची यंत्रं, लोखंडी नांगर हे सगळं इथलं. नगरपालिकेला जागा हवी झाली तेव्हा त्यांना इथून उठावं लागलं आणि 1910 मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली. त्याच कारखान्यातून 1920 मध्ये 'किर्लोस्कर खबर' निघालं आणि पुढे त्याचंच 'किर्लोस्कर' मासिक झालं, जे मराठी घराघरांत वाचलं गेलं. नांगराच्या कारखान्यातून मराठी मासिक निघू शकतं, तर मासिकवाल्यांना कारखान्यात डोकवायला काय हरकत आहे?

म्हणून मंडळाला एक सूचना. उद्यमबागेत चालणारी मराठी कुठल्याच पाठ्यपुस्तकात नाही. अर्धी इंग्रजी, थोडी कन्नड, थोडी हिंदी, पण वाक्य आपलं. अॅप्रेंटिस मुलांकडून ते शब्द गोळा करूया आणि पुढच्या अंकात अर्थासकट छापूया. त्या निमित्ताने त्यांच्या वह्याही वाचायला मिळतील. सुरुवातीला एक शब्द मी देते, मामेभावाकडून मिळालेला: सूत. मिस्त्री 'दोन सूत घे' म्हणाले तर दोरा शोधायला जाऊ नका. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, दोन सूत म्हणजे पाव इंच.