तळ्यातलं वाळवण

आफ्रिकेतल्या चाड देशात, चाड सरोवराच्या आसपास कानेम्बू लोकांची वस्ती आहे. वाळूच्या टेकड्या आणि त्यांच्यामधल्या खोलगट जागांत सोडा मिसळलेल्या पाण्याची तळी. त्यातलंच एक कोसोरोम. वाऱ्यानं तळ्यावरची हिरवी साय काठाला येऊन साचते आणि बायका भांडी घेऊन पाण्यात उतरतात. फक्त बायकाच. पुरुष उतरला तर तळं वांझ होतं, असा तिथला समज आहे.

काठावरच्या वाळूत उथळ आळं करायचं, त्याचा तळ हातानं थापून गुळगुळीत करायचा आणि त्यात ते दाट हिरवं पाणी ओतायचं. पाणी वाळूत मुरतं, वर हिरवा थर राहतो. उन्हानं तो घट्ट झाला की बोटानं उभ्या-आडव्या रेघा मारून चौकोन पाडायचे, तुकडे अलगद उचलायचे आणि घरी चटईवर कडकडीत वाळवायचे. आपल्याकडे उन्हाळ्यात गच्चीवर जे वाळवण चालतं तेच हे, फक्त तांदूळ-साबुदाण्याच्या जागी शेवाळ. या वड्यांना ते ‘दिहे’ म्हणतात. रांधायच्या वेळी वडी कुटून पाण्यात कालवायची, वाळू खाली बसू द्यायची, वरचं पाणी गाळून घ्यायचं. मग त्यात मीठ, मिरची, कांदा, भेंडी, असेल तर मासा किंवा मटण घालून कालवण करायचं आणि बाजरीच्या घट्ट शिजवलेल्या गोळ्याबरोबर खायचं. बाजरी तीच, आपल्या भाकरीची. एकट्या कोसोरोममधून वर्षाकाठी सुमारे 40 टन दिहे निघतो आणि स्थानिक बाजारात त्याची किंमत एक लाख डॉलरच्या वर जाते, असं 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नोंदलं आहे.

हेच शेवाळ आपल्याकडे औषधाच्या दुकानात स्पिरुलिना या नावानं, हिरव्या गोळ्यांच्या बाटलीत मिळतं. त्या बाटलीवर माझा राग आहे. जे कालवण आहे त्याला आपण औषध केलं. अन्नाला लावायचे साधे प्रश्न त्याला विचारायचेच राहून गेले: किती खायचं, त्यातून काय मिळतं, कुठल्या पाण्यातलं आहे, आणि परवडतं का?

कानेम्बू बायकांचं हे ज्ञान शास्त्रज्ञांच्या नजरेला आलं ते 1940 साली. दांजार नावाच्या फ्रेंच शेवाळतज्ज्ञानं चाडहून आलेली वडी तपासली आणि त्याबद्दल लिहिलं. युद्धाचे दिवस होते, कुणी लक्ष दिलं नाही. पुढे 1964-65 मध्ये सहारा ओलांडणाऱ्या बेल्जियन मोहिमेतल्या जाँ लेओनार या वनस्पतिशास्त्रज्ञाला बाजारात तीच हिरवी वडी दिसली, त्यानं ती तपासायला नेली, आणि कोरड्या वजनात निम्म्याहून जास्त प्रथिनं निघाल्यावर जगाचे कान टवकारले. मेक्सिकोत तर हे आणखी जुनं. तेस्कोको सरोवरावरून अझ्टेक लोक जाळ्यांनी असंच शेवाळ काढत, वड्या वाळवून बाजारात विकत. सोळाव्या शतकात आलेल्या स्पॅनिश लोकांनी ते लिहून ठेवलं आहे. त्यानंतर सरोवरं उपसून कोरडी केली गेली आणि ते खाणं ताटातून गेलं. चाडमध्ये ते टिकलं, कारण तळी टिकली आणि बायका पाण्यात उतरत राहिल्या. ‘शोध लागला’ असं 1940 किंवा 1965 बद्दल लिहिलेलं वाचलं की मला म्हणून खटकतं.

या शेवाळाची खरी करामत त्याच्या आकारात आहे. सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे मळसूत्रासारखे पीळदार धागे दिसतात. हे धागे एकमेकांत गुंततात, म्हणून कापडानं किंवा नुसत्या वाळूनंही गाळता येतात. क्लोरेलासारखं गोल, एकपेशी शेवाळ गाळायला गेलं तर कापडातून निसटतं. त्याला महागडी यंत्रं लागतात. शिवाय क्लोरेलाच्या पेशीची भिंत चिवट. स्पिरुलिनाच्या पेशीला सेल्युलोजची भिंतच नाही, त्यामुळे ते सहज पचतं. म्हैसूरच्या सीएफटीआरआय या अन्नसंशोधन संस्थेनं 1970च्या दशकात जर्मनीच्या मदतीनं शेवाळावर काम सुरू केलं, तेव्हा सुरुवातीला सेनेडेस्मस हे गोड्या पाण्यातलं हिरवं शेवाळ घेतलं होतं. ते पचनी पडावं म्हणून तापत्या रुळांवर वाळवून पेशी फोडाव्या लागत. पुढे तिथेही स्पिरुलिनाचा विचार झाला आणि चेन्नईच्या मुरुगप्पा चेट्टियार संशोधन केंद्रात सी. व्ही. शेषाद्रींनी खेड्यातल्या बायकांना परसातल्या लहान टाक्यांत ते वाढवता येईल अशा पद्धतींवर मेहनत घेतली. हा माणूस मला फार जवळचा वाटतो. प्रयोगशाळेतली गोष्ट परसदारी नेण्याचा ध्यास असलेले शास्त्रज्ञ आपल्याकडे थोडे.

या शेवाळाला पाणी लागतं ते सोड्याचं, हाताला बुळबुळीत लागणारं. अशा पाण्यात बाकीचं फारसं काही तगत नाही, त्यामुळे ते एकटंच माजतं. आपल्याकडे असं पाणी आहे ते बुलढाण्याच्या लोणारला. उल्केच्या आघातानं काळ्या कातळात पडलेल्या त्या विवरातल्या पाण्याचा हिरवा रंग बराचसा याच शेवाळाचा. (2020च्या जूनमध्ये ते गुलाबी झालं होतं, त्याचं कारण वेगळं होतं, पुण्याच्या आघारकर संस्थेनं मीठप्रेमी सूक्ष्मजीवांकडे बोट दाखवलं.) लोणारचं शेवाळ कुणी काढून खावं असं मी मुळीच सुचवत नाही. ते अभयारण्य आहे, रामसर स्थळ आहे, आणि तिथे येणाऱ्या पाण्यात काय काय मिसळतं हे तिथे जाणाऱ्याला दिसतं. पण महाराष्ट्राच्या मातीला हा जीव परका नाही, एवढं त्यातून कळतं.

आता ताटातला हिशेब. वाळलेल्या स्पिरुलिनाच्या 100 ग्रॅममध्ये सुमारे 57 ग्रॅम प्रथिनं असतात. आकडा दिपवणारा आहे, पण 100 ग्रॅम खातं कोण? बाटलीवरच्या मात्रेनं दिवसाला दोन-तीन ग्रॅम पोटात जातात, म्हणजे दीड ग्रॅमच्या आसपास प्रथिनं. ती दहा ग्रॅम हरभऱ्यातही मिळतात. कानेम्बू घरात माणशी दिवसाला दहा ग्रॅमच्या आसपास दिहे पोटात जातो. त्यातून सहा ग्रॅम प्रथिनं आणि तीनेक मिलिग्रॅम लोह मिळतं. हे कामाचं आहे, कारण बाजरीबरोबर ते रोज असतं. दुसरा खरा गुण बीटा-कॅरोटीनचा, ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं. तामिळनाडूत लहान मुलांना रोज एक ग्रॅम स्पिरुलिना दिल्यावर अ जीवनसत्त्वाच्या अभावानं डोळ्यांत येणारे पांढरट ठिपके कमी झाल्याचं शेषाद्रींच्या गटाला दिसलं होतं.

बी-12चं मात्र मला कळकळीनं सांगायचं आहे, कारण आपल्या शाकाहारी घरांत याच आशेनं या गोळ्या येतात. स्पिरुलिनात जे बी-12 म्हणून मोजलं जातं, त्यातलं बहुतेक खोटं असतं. रचनेनं खऱ्यासारखं, पण माणसाच्या शरीराला निरुपयोगी. जिवाणू वापरून केल्या जाणाऱ्या जुन्या चाचणीत तेही मोजलं जातं आणि पाकिटावर मोठा आकडा छापला जातो. माझ्या ओळखीतल्या एका काकूंनी विक्रेत्याच्या भरवशावर इंजेक्शनं बंद करून या गोळ्या घेतल्या. हातापायांना मुंग्या वाढत गेल्या, तेव्हा डॉक्टरांनी पुन्हा इंजेक्शनांवर आणलं. नसांचं नुकसान वेळेवर लक्षात आलं नाही तर ते भरून येत नाही.

आणखी एक इशारा. वर्णन वाचून कुणी गावतळ्यावरची हिरवी साय घरी आणू नये. गोड्या पाण्यात मायक्रोसिस्टिस नावाचा याचाच भाऊबंद वाढतो आणि त्याचं विष यकृतावर जातं. अमेरिकेत ओरेगनच्या क्लामथ सरोवरातून काढलेलं दुसरं एक शेवाळ पौष्टिक म्हणून विकलं जाई. त्यात हे विष सापडल्यावर 1997 मध्ये तिथल्या सरकारला ग्रॅममागे एक मायक्रोग्रॅमची मर्यादा घालावी लागली. सोड्याच्या पाण्याचा पहारा असेल तिथेच निर्धास्तपणा, आणि तिथेही तपासणी हवीच.

शेवाळानं कुपोषण संपेल असं म्हणणाऱ्यांना मी कानेम्बूंच्या कानेम प्रांताकडेच बघायला सांगेन. दिहे पिढ्यानपिढ्या खाल्ला जातो त्याच मुलखात गेल्या दशकात बालकुपोषणासाठी आणीबाणीची केंद्रं चालवावी लागली. पाऊस गेला, धान्य गेलं, दवाखाना लांब, तर एकटी वडी काय करणार? तरीही ती वडी नसती तर त्या बाजरीच्या गोळ्याबरोबर काय उरलं असतं, हाही प्रश्न विचारायला हवा.

मी ही भुकटी घरात वापरते. पाकीट उघडलं की ओलसर, किंचित मासळीसारखा वास येतो. नुसत्या दुधात तो लपत नाही, लसणाच्या फोडणीत लपतो. भेंडीच्या पातळ भाजीत, गॅस बंद केल्यावर चमचाभर पाण्यात कालवून घातली की रस काळपट हिरवा होतो आणि भाकरीशी छान जातो.

मला हवं ते फार नाही. पाकिटावर ‘100 ग्रॅममध्ये’ ऐवजी ‘एका चमच्यात’ काय आहे ते छापावं. बी-12चा दावा काढून टाकावा. शेवाळविषाची तपासणी कधी झाली, ती तारीख असावी. आणि बचतगटांच्या बायकांना टाक्या, पाण्याची तपासणी आणि स्वच्छ वाळवणीची सोय मिळावी, म्हणजे ही भुकटी गोळीच्या नव्हे, किलोच्या भावानं आठवडी बाजारात येईल, डाळी आणि नाचणीच्या शेजारी.