लहर, भीड आणि भाव

स्वतंत्रपणे वेब डिझाइन करणाऱ्या तरुणांना आपल्याकडे तीन उपदेश हमखास ऐकावे लागतात. कलेला वेळापत्रक मानवत नाही, सुचेल तेव्हाच काम करावे, हा पहिला. करार लिहून मागणे म्हणजे समोरच्यावर अविश्वास दाखवणे, तेव्हा शब्दावर काम करावे, हा दुसरा. सुरुवातीला स्वस्तात, वेळ पडली तर फुकटही काम करावे, नाव झाले की पैसा मागोमाग येतो, हा तिसरा. उपदेश करणारी माणसे वाईट नसतात. त्यांत घरचे वडीलधारे असतात, या धंद्यातले जुनेजाणते असतात, आपुलकीने वागणारे ग्राहकही असतात. तरीही हे तिन्ही उपदेश घातक आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे. निर्मिती आणि व्यवहार यांचे हाडवैर आहे, या एकाच गैरसमजातून ते तिन्ही जन्मले आहेत.

आधी लहरीचा विचार करू. चांगली कल्पना हुकमी येत नाही, हे लहरीच्या बाजूचे म्हणणे खरेच आहे. कधी कधी दिवसभर पडद्यासमोर बसूनही मांडणी जमत नाही. पण यातून निघणारा निष्कर्ष नेमका उलटा आहे. कल्पना कधी येईल हे आपल्या हाती नसेल, तर ती येईल त्या वेळी हात आणि डोळा तयार असणे एवढेच आपल्या हाती उरते. ती तयारी रोजच्या नेमाशिवाय होत नाही.

आपल्या अक्षरकलेत याचा भरभक्कम पुरावा आहे. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांच्या जाहिरातींसाठी केलेली शीर्षके आठवा. जाहिरातीची रुंदी ठरलेली, छपाई काळ्या-पांढऱ्यातली आणि अंक छापायला जाण्याची वेळ कोणासाठी न थांबणारी. एवढ्या बंधनांत त्यांनी प्रत्येक नाटकाचा स्वभाव अक्षरांत उतरवला. त्याहून मागे जायचे तर दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला लेखनक्रियेवरचा पहिला समास उघडावा. अक्षर मोकळे आणि वळणदार हवे, ओळींमधले अंतर सारखे हवे, ग्रंथ ज्या वळणाने सुरू झाला त्याच वळणाने संपावा, कागदाच्या चारी बाजूंना जागा सोडावी म्हणजे कडा झिजल्या तरी मजकूर शाबूत राहील, अशा बारकाव्यांनी तो भरलेला आहे. सतराव्या शतकातल्या समर्थांना लेखनाची शिस्त इतक्या तपशिलात सांगावीशी वाटली, कारण हाताला लागलेले वळण हेच त्यांच्या लेखी कौशल्य होते.

वेब डिझायनरने असा नेम कशाचा धरावा? दिवसाचा पहिला तास कोणत्याही ग्राहकाला देऊ नये. त्या तासात एक छापील वस्तू घ्यावी, पंचांगाचे पान, एसटीचे वेळापत्रक किंवा लग्नपत्रिका, आणि ती फोनच्या अरुंद पडद्यावर नव्याने मांडून पाहावी. पंचांगाच्या एका पानात तिथी, वार, नक्षत्र, योग आणि करण एवढे सगळे दाटीवाटीने बसवलेले असते. त्यातले आधी काय दिसावे, बोट लावल्यावर काय उघडावे, काय गाळता येणारच नाही, हे ठरवता ठरवता जो विचार करावा लागतो तो कोणत्याही तयार साच्यातून शिकायला मिळत नाही.

देवनागरीसाठी तर हा सराव अनिवार्यच आहे. इंग्रजी शीर्षकातल्या अक्षरांमध्ये अंतर वाढवले की ते ऐटदार दिसते. तीच युक्ती मराठी शीर्षकावर केली की शिरोरेषेचे तुकडे पडतात आणि शब्द विस्कटतो. वर वेलांटी, मात्रा आणि रफार, खाली उकार आणि ऋकार, त्यामुळे आपल्या ओळींना वरखाली जास्त मोकळी जागा लागते. इंग्रजी मजकूर धरून बेतलेल्या चौकटीत मराठी ओतले की ओळी एकमेकींवर चढतात. रोज मराठी मजकूर हाताळणाऱ्याच्या नजरेला ही चूक तत्काळ खुपते. दुसरा नेम तपासणीचा. केलेले पान भर दुपारी, उन्हात उभे राहून, स्वस्तातल्या फोनवर उघडावे. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यातला काँट्रास्ट साध्या मजकुरासाठी किमान ४.५ : १ असावा, असे वेबच्या सुगम्यतेचे आंतरराष्ट्रीय निकष सांगतात. फिक्या राखाडी अक्षरांचा मोह उन्हातल्या त्या एका तपासणीने सुटतो.

यावर एक गंभीर आक्षेप येतो. नेमाने काम करणाऱ्याच्या हातून सगळी संकेतस्थळे एकसारखी होतील, असे म्हणतात. उत्तरांची सवय लागली तर हा धोका जरूर आहे. म्हणून सवय प्रश्नांची लावावी. समजा, देवगडचा एखादा बागायतदार हापूस विकण्यासाठी संकेतस्थळ करून मागतो आहे. पहिल्याच भेटीत रंगांविषयी बोलणारा डिझायनर बागायतदाराला फार काही देऊ शकणार नाही. पेटी किती डझनांची? फळ कच्चे पाठवणार की पिकायला आलेले? कोणकोणत्या पिनकोडांवर माल पोचतो? मोहोर गळाला आणि फळ कमी आले तर घेतलेल्या मागण्यांचे काय करायचे? हंगाम उन्हाळ्यातल्या मोजक्या आठवड्यांचा, तेव्हा पान हिवाळा सरायच्या आत तयार कसे होईल? हे प्रश्न विचारणाऱ्याची मांडणी पैठणी विकणाऱ्याच्या संकेतस्थळासारखी होणेच शक्य नाही. वेगळेपण ग्राहकाच्या धंद्यात असतेच. नेमाने विचारलेले प्रश्न ते वर आणतात.

आता भिडेकडे वळू. कागद मागितला की माणूस दुखावतो, असे म्हणणाऱ्यांचा मराठी मनाचा अंदाज चुकीचा नाही. ओळखीत, नात्यात, गावच्या माणसाकडे सहीचा कागद पुढे करताना जीभ अडखळते. पण नाती तुटतात ती नेमकी कुठे, ते पाहा. 'एक छोटासा चेंज आहे' हे वाक्य पहिल्यांदा ऐकताना काही वाटत नाही. तेच पुन्हा पुन्हा ऐकावे लागते, तेव्हा दोन्हीकडे मनात खुणा राहतात. ग्राहकाला वाटते, पैसे दिले तरी माणूस कुरकुर करतो. डिझायनरला वाटते, आपल्याला राबवून घेतात. बदल किती वेळा करून मिळतील, हे आधी लिहिले असते तर दोघांपैकी कोणालाच वाईट ठरावे लागले नसते. कागद संशयासाठी नसतो, विसरभोळेपणासाठी असतो, आणि विसरतात दोन्ही बाजू.

त्या कागदावर काय असावे? पाने किती, मराठी मजकूर कोण टाइप करून देणार, फोटो कोणाचे, बदलांच्या फेऱ्या किती, त्यापुढच्या प्रत्येक फेरीचा दर काय, अॅडव्हान्स किती आणि बाकी रक्कम कोणत्या टप्प्यांवर. मजकूर वेळेत मिळाला नाही तर मुदत तेवढीच पुढे सरकेल, हेही लिहावे, कारण वेब डिझाइनची कामे बहुतेक वेळा मजकुराची वाट पाहण्यातच रखडतात.

कायदाही या कागदाच्या बाजूचा आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीत केलेल्या कामाचा पहिला हक्क सामान्यतः मालकाचा असतो. स्वतंत्र व्यावसायिकाने केलेल्या रचनेचा आणि कोडचा हक्क, वेगळे ठरले नसेल तर, त्याच्याकडेच राहतो. तो हक्क ग्राहकाला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो, आणि मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षांची धरली जाते. म्हणजे पैसे दिले की सगळे आपले झाले, असे समजणारा ग्राहकच तोंडी व्यवहारात अधिक उघडा पडतो. पैशांच्या बाबतीत सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीचा २००६चा कायदा आहे. नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराचे बिल ठरलेल्या तारखेला आणि कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांच्या आत चुकते करावे लागते. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्यागणिक चक्रवाढ व्याज लागू होते. उद्यम पोर्टलवरची नोंदणी विनाशुल्क आहे. काम हाती घेण्याआधीच ती करून ठेवावी.

हा कागद डिझायनरलाही बांधतो, आणि तसाच तो असायला हवा. डोमेन स्वतःच्या नावावर घेऊन ग्राहकाला अडवून धरणारे डिझायनर आहेत, आणि त्यांनी या पेशाची पत घालवली आहे. डोमेन आणि होस्टिंग ग्राहकाच्याच नावावर असावे, काम संपताच सगळे पासवर्ड त्याच्या हवाली करावेत, आणि हेही त्याच कागदात लिहिलेले असावे.

राहिला भाव. नवख्याकडे दाखवायला काम नसते, म्हणून त्याने कमी पैशांत काम घ्यावे, हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. मग आकडे मांडून पाहू. महिन्याला कामाचे २०० तास धरा. त्यांतले निम्मे भेटी, कोटेशन, शिकणे आणि वसुली यांत जातात. बिल लावता येईल असे १०० तास उरतात. घरखर्च, लॅपटॉपची झीज, सॉफ्टवेअरची वर्गणी, आरोग्यविमा, कर आणि रिकाम्या महिन्यांची तरतूद मिळून ६५,००० रुपये लागत असतील, तर ताशी ६५० रुपये हा नुसता टिकून राहण्याचा दर झाला. ६० तासांच्या संकेतस्थळाचे ३९,००० रुपये होतात. तेच काम १०,००० रुपयांत घेतले, तर २९,००० रुपयांची तूट कुठून तरी भरून निघावी लागते. ती निघते विचार करण्याच्या वेळेतून. सराव बंद पडतो, प्रश्न विचारायला फुरसत उरत नाही, तयार साचा उचलून नाव बदलले जाते. दाखवण्यासाठी म्हणून स्वस्तात घेतलेले काम शेवटी दाखवण्याजोगे राहत नाही.

नवख्याला दुसरी वाट आहे. काम लहान घ्यावे, पण त्याचा दर पुरा घ्यावा. दहा पानांऐवजी एकच पान करून द्यावे, पण ते चोख असावे. समाजासाठी काही करायचे असेल तर तालुक्याच्या वाचनालयाचे संकेतस्थळ खुशाल विनामूल्य करावे. मात्र त्याच्या बिलावर पूर्ण रक्कम लिहून ती देणगी म्हणून वजा दाखवावी. त्यामुळे फुकट मिळालेल्या गोष्टीचेही मोल घेणाऱ्याला कळते.

'आता एआय मिनिटभरात पान करून देते, मग हे सगळे कशाला?' असेही विचारले जाते. वर्डप्रेस २००३ साली आले, त्यानंतर तयार थीमचा बाजार उभा राहिला, तेव्हाही हाच प्रश्न होता. पान उभे करणे स्वस्त होत गेले, हे मान्य. पण कोणते पान हवे हे ठरवण्याची आणि चुकले तर त्याची जबाबदारी घेण्याची गरज तेवढीच राहिली. केवळ पाने विकणाऱ्यांची जागा यंत्र घेईल. बागायतदाराला मोहोर गळण्याबद्दल विचारणाऱ्याची गरज कायम राहील.

म्हणून माझी मागणी सरळ आहे. डिझाइन शिकवणाऱ्या प्रत्येक संस्थेने शेवटच्या वर्षी विद्यार्थ्याकडून एक अंदाजपत्रक, एक करारनामा आणि एक बिल करून घ्यावे, आणि त्यांना रंगसंगतीइतकेच गुण द्यावेत. ग्राहकांनी कागद पुढे आला की आनंदाने वाचावा. तो त्यांचीही राखण करतो. आणि डिझायनरांनी नेमाला आणि हिशेबाला कलेचे वैरी मानणे सोडावे. ग्राहकाची मागणी त्याच्याच धंद्याला मारक असेल, तर तसे त्याला तोंडावर सांगणे हे आपल्या कामाचे सर्वांत अवघड अंग आहे. ज्याच्याकडे सरावाने आलेली नजर नाही त्याला ती चूक दिसत नाही. ज्याचे काम कागदावर ठरलेले नाही आणि ज्याच्या गाठीला दोन महिन्यांची बेगमी नाही, त्याला ती दिसूनही बोलता येत नाही. चांगल्या डिझाइनला असा वेळेवर दिलेला नकार लागतो, आणि तो देण्याचे बळ नेमाने आणि चोख व्यवहारानेच येते.