खटला संपतो, धोका संपत नाही

काशीमीरा परिसरातील नागरिकहो,

हायवेलगतच्या लॉजवर छापा पडतो, अल्पवयीन मुलीची ‘सुटका’ झाल्याची बातमी येते आणि आपण पान उलटतो. तिच्यावर पहिला अत्याचार त्याच्या कितीतरी आधी, घरात किंवा ओळखीच्याच दाराआड झाला असेल का, हे कोणी विचारत नाही. हा प्रश्न टाळण्याजोगा नाही. 80 अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यात बारा हजारांवर व्यक्तींची माहिती तपासली गेली. बालपणी लैंगिक अत्याचार सोसलेल्यांपैकी सुमारे 48 टक्के जणांवर पुढे पुन्हा तसाच प्रसंग आला होता.

‘मग त्या मुलींतच काही असणार,’ असे म्हणणारे भेटतात. हे साफ खोटे आहे, आणि क्रूरही. विश्वासातल्या माणसानेच हात टाकला की धोक्याच्या क्षणी मूल गोठून जाते, लाज स्वतःकडे घेते. आपल्या ‘नाही’ला किंमत नाही, हे त्याला मोठ्यांनीच शिकवलेले असते. पुढे नैराश्य येते, झोप उडते, व्यसन जडते. नराधम नेमके असेच एकटे पडलेले मूल हेरतो. जळगावात 1994 साली उघडकीस आलेल्या लैंगिक शोषणाच्या प्रकरणात फोटोंचा धाक दाखवून त्याच मुलींना पुन्हा पुन्हा बोलावले जात होते. बदनामीची भीती हेच तिथले हत्यार होते. म्हणून ‘बोभाटा नको, अब्रू जाईल’ म्हणणारे घर नकळत ते हत्यार परजून देते. ‘लहान आहे, विसरेल’ हीसुद्धा मोठ्यांचीच सोय; मूल विसरत नाही, गप्प राहते. केंद्र सरकारच्या 2007 च्या पाहणीत 53 टक्के मुलांनी कुठला ना कुठला लैंगिक छळ सोसल्याचे सांगितले, त्यांत निम्म्याहून अधिक मुलगे होते. बहुतेकांनी तोवर कोणालाच सांगितले नव्हते.

कडक शिक्षा हवीच. पण ऑगस्ट 2024 मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या बदलापुरात दोन चिमुरड्यांवरील अत्याचाराविरोधात लोकांनी रेल्वे रोखली, सप्टेंबरमध्ये आरोपी पोलिसांच्या गोळीने मेला आणि चर्चा थंडावली. त्या दोन चिमुरड्यांचे वयात येणे अजून बाकी आहे. मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पोक्सो कायद्याच्या 2020 च्या नियमांनुसार बाल कल्याण समिती मुलाला साहाय्यक व्यक्ती देते, पण तपास आणि खटला चालेपर्यंतच. खरी गरज नंतरच्या वर्षांत असते, कारण विश्वास ठेवणारे एक माणूस कायम पाठीशी असले तर जखम भरण्याची शक्यता वाढते. म्हणून आमची मागणी आहे: महापालिकेने प्रत्येक शाळेत पूर्णवेळ समुपदेशक नेमावा, आणि ज्याच्यावरील अत्याचाराचा गुन्हा नोंदवला गेला आहे अशा प्रत्येक मुलाला वयाची 18 वर्षे पूर्ण होईपर्यंत, नाव गुप्त ठेवून, मोफत समुपदेशन मिळावे. आपल्या नगरसेवकाला हे लेखी विचारा, उत्तरही लेखीच घ्या. शेजारी काही घडत असल्याचे कळले तर 1098 या बाल हेल्पलाइनवर आजच फोन करा. पोक्सोच्या कलम 19 नुसार कळवणे हे प्रत्येकाचे कर्तव्य आहे.