बगदादचा मुदपाकखाना आणि इतिहासाचे दफ्तर

लढाया, तह आणि वंशावळी यांनाच इतिहास मानण्याची जी सवय आपल्या पाठ्यपुस्तकांनी पिढ्यान्‌पिढ्या लावून ठेवली आहे, तिच्यामुळे मनुष्य ज्याच्यासाठी जन्मभर राबतो त्या अन्नाचा इतिहास अभ्यासकांच्या दफ्तरात सहसा दाखलच होत नाही. आणि म्हणूनच अब्बासी खलिफांच्या बगदादेत पाकविद्येला जी विद्वन्मान्य प्रतिष्ठा लाभली होती, तिचा परिचय मराठी वाचकांस करून देणे मला अगत्याचे वाटते.

दहाव्या शतकात इब्न सय्यार अल्-वर्राक याने संकलित केलेला ‘किताब अल्-तबीख’ हा आज उपलब्ध असलेला सर्वांत प्राचीन अरबी पाकग्रंथ. त्याच्या 132 प्रकरणांत सहाशेहून अधिक कृती आहेतच, परंतु पदार्थांचे वैद्यकीय गुणदोष, पंक्तीतील शिष्टाचार आणि अन्नावर रचलेल्या कविता यांनाही त्यात मानाचे स्थान आहे. त्यातील पुष्कळ कृती खलिफा हारून अल्-रशीदचा सावत्र भाऊ इब्राहिम इब्न अल्-महदी याच्या नावावर आहेत. हा शाहजादा नामांकित गायक व कवी होता, 817 ते 819 या काळात तो बगदादेत खलिफाही झाला, आणि तरीही पाकशास्त्रावर ग्रंथ लिहिणे त्याला आपल्या दर्जास कमीपणा आणणारे वाटले नाही.

माझे मन मात्र विशेष रमते ते मुहंमद इब्न अल्-हसन अल्-बगदादी याने 1226 साली लिहिलेल्या छोटेखानी ग्रंथात. अन्न, पेय, वस्त्र, रतिसुख, सुगंध आणि नाद अशी सहा सुखे सांगून त्यांत अन्नसुखाला तो निःसंकोचपणे अग्रस्थान देतो. आणि मग तितक्याच गांभीर्याने आचाऱ्याला बजावतो की नखे वाढू देऊ नयेत, आणि भांडी प्रथम विटेच्या भुकटीने, नंतर क्षार व केशर यांनी, आणि अखेरीस महाळुंगाच्या ताज्या पानांनी घासावीत. ‘सिकबाज’ या इराणी परंपरेतून आलेल्या पदार्थाची त्याची कृती पाहावी: धणे व दालचिनी घालून मांस शिजवावे, वर येणारा फेस काढून टाकावा, कांदे आणि गाजरे अथवा वांगी घालावीत, सिरक्यात खजुराचा पाक किंवा मध मिसळून ते मिश्रण ओतावे, केशराने रंग आणावा, वर बदाम, बेदाणे व अंजीर पसरून गुलाबपाणी शिंपडावे, आणि भांडे मंद आचेवर मुरू द्यावे. हे खाणे श्रीमंतांचे, असा आक्षेप कोणी घेईल, आणि तो खराही आहे. परंतु दूरदूरच्या मुलुखांतून कोणता जिन्नस बाजारात येत होता, आणि वैद्यक व चव यांचा मेळ कसा घातला जात होता, याचा असा तपशील दरबारी बखरींत सापडणे कठीण.

अवघ्या बत्तीस वर्षांनी, 1258 मध्ये, हुलागूच्या मोंगल फौजेने बगदाद धुळीस मिळवले. तरीही हा ग्रंथ तगला. त्याची हस्तलिखित प्रत इस्तंबूलला राहिली, 1934 मध्ये दाऊद चेलेबी यांनी तो मोसूल येथे छापून प्रसिद्ध केला, आणि 1939 मध्ये आर्थर आर्बेरी यांनी केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर ‘इस्लामिक कल्चर’ या त्रैमासिकात अवतरले. हे त्रैमासिक निघत होते हैदराबादेहून, म्हणजे आपला सारा मराठवाडा ज्या संस्थानात मोडत होता त्याच्याच राजधानीतून. आणि त्याच मराठवाड्यालगतच्या कल्याणीत चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने सुमारे 1130 साली, अल्-बगदादीच्या जवळजवळ शंभर वर्षे आधी, आपल्या ‘मानसोल्लासा’त अन्नभोगावर स्वतंत्र प्रकरण लिहून ठेवले होते.

हे दोन्ही ग्रंथ शेजारी ठेवून वाचण्याजोगे आहेत. आपल्या विद्यापीठांच्या इतिहास, संस्कृत आणि अरबी-फारसी विभागांनी एकत्र येऊन अल्-बगदादीचा ग्रंथ, इंग्रजीच्या आधाराने नव्हे तर थेट अरबीवरून, सटीप मराठीत आणावा, आणि त्या कामाची तजवीज शासनाच्या साहित्यविषयक मंडळांनी करावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.