सभासदांची यादी आणि बहिष्काराचे भय

ठाकूरद्वारच्या नाक्यावरून जगन्नाथ शंकरशेट मार्गाने उत्तरेकडे निघाले की काही मिनिटांतच ‘प्रार्थना समाज’ लागतो. आज हे नाव गिरगावकरांच्या तोंडी चौकाचे आणि बसथांब्याचे नाव म्हणूनच अधिक असते. ज्या संस्थेवरून ते पडले, तिची स्थापना 31 मार्च 1867 रोजी झाली आणि 1874 मध्ये तिचे मंदिर याच गिरगावात उभे राहिले. मूर्ती नसलेल्या या मंदिरामागे बुद्धिवादाने महाराष्ट्रात केलेल्या पहिल्या प्रयोगाचा आणि त्या प्रयोगाच्या फसण्याचाही इतिहास आहे. व्यक्तीच्या विवेकाला समाजाच्या शिक्षेपासून कोणी वाचवायचे, हा त्यातून पुढे आलेला प्रश्न आजही पुरता सुटलेला नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधून बाहेर पडलेली तरुण पिढी युरोपातील नव्या तत्त्वचिंतनाच्या परिचयाने भारलेली होती. ग्रंथात लिहिले आहे एवढ्यावरून एखादी गोष्ट सत्य ठरत नाही, ती बुद्धीच्या कसोटीवर उतरली पाहिजे, हा विचार तिने आपल्याच घरातील आचारांना लावून पाहिला. यातूनच 1849 मध्ये दादोबा पांडुरंग तर्खडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत परमहंस सभा स्थापन केली. ईश्वर एक आहे आणि जातिभेद मानवनिर्मित आहे, हे तिचे सूत्र. सभासद होणाऱ्याला ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे. सर्व जातींचे सभासद एका पंक्तीला बसत. हे सारे मात्र चालत असे बंद दाराआड. पुरेसे सभासद मिळाल्यावर जातिभेदमोडीची उघड घोषणा करावयाची, असा बेत होता. ती वेळ आलीच नाही. 1860 च्या सुमारास सभेची कागदपत्रे चोरीस गेली, सभासदांची नावे फुटली आणि सभा विस्कटली.

या सभासदांचे विचार कच्चे होते असे म्हणता येणार नाही. भय होते ते बहिष्काराचे. त्या काळी जातीबाहेर टाकलेल्या माणसाच्या घरी भटजी येत नसे, मुलीचे लग्न जमत नसे, मृत्यूनंतर खांदा द्यायला माणसे मिळत नसत. सरकार या बाबतीत दूरच राहिले होते. मुंबई इलाख्याच्या 1827 च्या रेग्युलेशनने जातीच्या प्रश्नांत दिवाणी न्यायालयांनी हस्तक्षेप करू नये, असे ठरवून दिले होते. 1850 च्या एकविसाव्या कायद्याने धर्मांतर केलेल्या वा जातीबाहेर घातलेल्या व्यक्तीचा वारसाहक्क अबाधित ठेवला, हे पहिले महत्त्वाचे पाऊल होय. परंतु कायद्याने वाचविली ती मालमत्ता. पंक्तीतील पान आणि स्मशानातील खांदा कायद्याच्या कक्षेबाहेरच राहिला.

प्रार्थना समाजाने यातून धडा घेतला. डॉ. आत्माराम पांडुरंग, न्या. महादेव गोविंद रानडे, डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी आपले काम उघडपणे चालविले; मात्र सभासदाने जात सोडलीच पाहिजे, अशी अट घातली नाही. श्रद्धेला बुद्धीची जोड द्यावयाची, पण समाजाशी नाते तोडावयाचे नाही, ही त्यांची भूमिका. तिला भित्रेपणा म्हणणारे टीकाकार तेव्हाही होते. कामगारांसाठी रात्रशाळा आणि 1906 मध्ये विठ्ठल रामजी शिंदे यांनी सुरू केलेले डिप्रेस्ड क्लासेस मिशन ही याच परंपरेची फळे, हेही तितकेच खरे. तथापि बहिष्काराचे अस्त्र बोथट झाले नव्हते. 1869 मध्ये मुंबईत झालेल्या विधवाविवाहाच्या पुरस्कर्त्यांवर शंकराचार्यांनी बहिष्कार घातला. 1890 मध्ये पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्याच्या प्रकरणात तर खुद्द रानडे यांना पुढे प्रायश्चित्त घ्यावे लागले. दुसऱ्यांना न्याय देणाऱ्या न्यायाधीशालाही जातीच्या न्यायासनापुढे मान तुकवावी लागली, यातच त्या सत्तेची ताकद दिसते.

धर्माची ही दंडसत्ता शासनाने आपल्या हाती घ्यावी काय, हा प्रश्न स्वातंत्र्यानंतर थेट पुढे आला. मुंबई राज्याने 1949 मध्ये बहिष्कृती प्रतिबंधक कायदा करून कोणत्याही जातीने वा पंथाने आपल्या सभासदाला बहिष्कृत करणे बेकायदा ठरविले. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिले. 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने हा कायदा रद्द केला. धार्मिक कारणावरून बहिष्कृत करण्याचा अधिकार हा पंथाच्या धार्मिक व्यवहाराचा भाग असून घटनेच्या 26 व्या कलमाने त्याला संरक्षण आहे, असा बहुमताचा आशय होता. सरन्यायाधीश भुवनेश्वर प्रसाद सिन्हा यांचे मत मात्र वेगळे पडले. बहिष्कृत माणूस आपल्याच समाजात अस्पृश्यासारखा होतो, ही त्यांनी दाखविलेली बाजू आजही विचार करायला लावणारी आहे.

दरम्यान गावोगावची वास्तवे बदलली नव्हती. रायगड, रत्नागिरी जिल्ह्यांत गावकीने वाळीत टाकलेल्या कुटुंबांच्या तक्रारी येतच राहिल्या. 2013 मध्ये नाशिकमधील आंतरजातीय विवाहाशी निगडित एका हत्येनंतर महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायतींविरुद्ध मोहीम उघडली. त्याच वर्षी 20 ऑगस्टला डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची पुण्यात हत्या झाली. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षे धडपड केली, त्याचा अध्यादेश त्यानंतर काही दिवसांतच निघाला. सामाजिक बहिष्काराविरुद्धचे विधेयक विधिमंडळाने 2016 मध्ये एकमताने संमत केले आणि जुलै 2017 पासून तो कायदा अमलात आला. तीन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात आहे.

या कायद्याचे वैशिष्ट्य असे की, तो श्रद्धेच्या आशयाला हात लावत नाही. कोणी काय मानावे हे तो सांगत नाही. न मानणाऱ्याचे पाणी, वाट, दुकान आणि स्मशान तोडता येणार नाही, एवढेच तो सांगतो. बुद्धिवादाने शासनाला दिलेली खरी देणगी हीच म्हणावी लागेल. राजसत्तेने एक धर्म हटवून दुसरा बसवावा, असे तिचे म्हणणे नाही. माणूस आणि त्याचा विवेक यांच्यामध्ये शिक्षेची काठी घेऊन कोणी उभे राहू नये, एवढी तिची मागणी आहे.

घटनात्मक पेच मात्र शिल्लकच राहिला. 1962 च्या निकालाचा फेरविचार व्हावा काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने फेब्रुवारी 2023 मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपविला. पंथाचे स्वातंत्र्य मोठे की पंथातील एकट्या माणसाचे, याचा कौल त्यातून लागावयाचा आहे. दोन्ही बाजूंना वजन आहे, हे नाकारता येत नाही. आपले सभासद कोण हे ठरविता न येणारा पंथ पंथ राहत नाही, हा युक्तिवाद पोकळ नव्हे. परंतु पंथाच्या हाती दफनभूमी, विवाह आणि नातीगोतीही असतील, तर सभासदत्व काढून घेणे म्हणजे माणसाचे अवघे जगणेच काढून घेणे ठरते.

कायदा तक्रार नोंदवून घेऊ शकतो. तक्रार करण्याचे धैर्य तो देऊ शकत नाही. ते शेजाऱ्यांकडून यावे लागते. ठाकूरद्वारच्या परिसरातील वाड्या आणि चाळी पाडून तेथे मनोरे उभे राहत आहेत. नव्या घरांत शेजाऱ्याची जात विचारण्याची रीत नव्या शब्दांत, आहाराच्या वा संस्कृतीच्या नावाने, जिवंत राहणार असेल, तर नुसता पत्ता बदलून काही साधणार नाही. परमहंस सभेला 1860 मध्ये जी यादी फुटण्याचे भय वाटले, तशी यादी दारावर लावूनही कोणाच्या मनात भय उरणार नाही, त्या दिवशी तिचे अर्धवट राहिलेले काम पुरे झाले असे समजावे.