पहिल्या पावसाचे पाणी आणि ग्वारीघाटची नर्मदा

जबलपूरच्या ग्वारीघाटावर नर्मदेच्या प्रदूषणाचा विषय निघाला की बोट निर्माल्याकडे आणि नाल्यांतील सांडपाण्याकडे दाखविले जाते. ते रास्तच आहे. परंतु पावसाळ्यात नदीत उतरणारा आणखी एक भार कोणत्याही एका नाल्याच्या मुखाशी सापडत नाही. तो रस्ते, छपरे, गोठे, बांधकामे आणि शेते धुऊन येतो.

एक हेक्टर फरसबंद जमिनीवर १० मिलिमीटर पाऊस पडला, तर सुमारे १ लाख लिटर पाणी जमते. कोरड्या महिन्यांत साचलेली धूळ, वंगण आणि शेण यांचा बराचसा अंश पहिल्याच सरी वाहून नेतात. शेतातील मातीच्या कणांना चिकटून स्फुरद येतो. नत्र विरघळून येते. हे सारे पाणी सांडपाणी शुद्धीकरण केंद्रापर्यंत पोहोचतच नाही.

मोजमापातही हीच उणीव राहते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषानुसार स्नानयोग्य पाण्याची जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी लिटरमागे ३ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावी. मात्र कोरड्या दिवशी घेतलेला नमुना पहिल्या पावसाविषयी काहीच सांगत नाही. अशा नमुन्यांच्या आधारे नदी स्वच्छ ठरविणे अर्धसत्य होय.

अमेरिकेलाही हे उशिराच उमगले. तेथील १९७२ च्या कायद्याचा मुख्य भर कारखाने आणि सांडपाण्याच्या नळांवर होता. १९८७ च्या दुरुस्तीने शहरी पावसाळी पाणी परवान्यांच्या कक्षेत आणले आणि शेतांसारख्या विखुरलेल्या स्रोतांसाठी राज्यांना अनुदानाची सोय केली.

जबलपूरला उपायाची सुरुवात घराजवळच करता येईल. राणीताल, आधारताल, चेरीताल ही नावे गोंड राजवटीतील तलावांची स्मृती जपतात. ‘बावन्न तालांचे शहर’ अशी या नगराची ख्याती होती. ते तलाव पाणीसाठ्यासाठी होते, तरी तलावात पाणी थबकते आणि गाळ तळाशी बसतो, हा निसर्गनियम आजही लागू आहे. अर्थात तलाव म्हणजे जादू नव्हे. साचलेला गाळ नियमित काढला नाही, तर तलावच प्रदूषणाचे कोठार बनतो.

म्हणूनच महापालिकेला केवळ आदेश देऊन भागणार नाही. कोणत्या वस्तीचे पाणी कोठे उतरते याचे नकाशे, पावसातील नमुने तपासण्याची सोय आणि देखभालीसाठी दरवर्षी निश्चित निधी राज्याने पुरवावा. महापालिकेने पावसाळ्यापूर्वी रस्ते झाडावेत, बांधकामांची माती झाकून घ्यावी, उरलेले तलाव राखावेत. शेते मात्र तिच्या हद्दीबाहेर आहेत. तेथे ग्रामपंचायतींना जबलपूरच्याच जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयाच्या साहाय्याने काठांवर गवताचे पट्टे उभारता येतील आणि माती परीक्षणानुसार खतांच्या मात्रा ठरविता येतील.

हे काम झाले की नाही, याची कसोटी पहिल्या पावसात, चिखल मिसळलेल्या पाण्यावरच घ्यावी.